तीन नोंदींची एक आई

एकाच माणसाची किती नावे असतात! कचेरीत जो 'रावसाहेब', तो पुतण्यांचा 'आप्पा' आणि आईचा 'बाळ्या'. घरात त्याचा कधी घोटाळा होत नाही. पण हाच प्रकार ग्रंथालयाच्या संगणकात झाला, की त्रेधा उडते.

निवृत्तीनंतर मी कर्जतच्या एका वाचनालयात हौसेने जाऊ लागलो. तिथल्या यादीत दुबार नोंदी फार झाल्या होत्या. त्यांतली उत्तम नोंद ठेवायची, साऱ्या प्रती तिला जोडायच्या आणि बाकीच्या नोंदी पुसायच्या, हे काम माझ्या गळ्यात पडले. काम मोठे गमतीचे! १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे 'नांव' आणि नंतरचे 'नाव' संगणकाला दोन शब्द वाटतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे त्याच्या लेखी दोन गृहस्थ. १९८१ साली कुलाबा जिल्हा रायगड झाला, याचाही त्याला पत्ता नाही.

'श्यामची आई' तर तीनदा आली होती. एका नोंदीत 'साने, पांडुरंग सदाशिव', प्रकाशक, पाने, विषय, सारे यथासांग. दुसरीत, आडनाव शेवटी असते या समजुतीने कोणी 'गुरुजी, साने' असे लिहिलेले! तिसरी अगदीच दरिद्री. 'शामची आई', लेखकाची जागा रिकामी आणि शेऱ्यात एवढेच: 'आईच्या स्मरणार्थ, खालापूर.' भरगच्च नोंद तीच चांगली, असा सरळ हिशेब करून मी पहिली ठेवली आणि उरलेल्या दोन्ही पुसल्या.

दिवाळीच्या तोंडावर एक बाई नातीला घेऊन चौकमार्गे एस.टी.ने आल्या.

"भाऊ, आईच्या नावानं आम्ही 'श्यामची आई' दिली होती. हिला दाखवायची आहे."

संगणकात पुस्तक दिसत होते, पण त्यांच्या आईचा मागमूस नव्हता. तो मीच पुसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी जुनी दाखल नोंदवही काढली. दात्याच्या रकान्यात खालापूर सापडले, शेजारी दाखल क्रमांक आणि त्या क्रमांकावरून कपाटातली प्रत. बांधणी नवी होती, पण पहिल्या पानावरचे शाईचे अक्षर तसेच होते. बाईंनी त्यावरून हळूच बोट फिरवले.

प्रत हातात आली तेव्हा माझी दुसरी चूकही उमगली. तिची पाने भरगच्च नोंदीशी जुळेनात. ते वर्णन दुसऱ्याच आवृत्तीचे होते! नोंद कितीही नटलेली असो, ती हातातल्या पुस्तकाचीच आहे की नाही, हे आधी पाहायला हवे होते. आवृत्ती निराळी तर नोंद निराळी. आवृत्ती एकच असेल तर खुशाल जोडावे, पण पुसण्याआधी गरीब नोंदीच्या गाठीला काय आहे ते सोडवून घ्यावे.

मी तिथेच त्या प्रतीची नवी नोंद केली. लेखक, आवृत्ती, पाने लिहिली आणि शेवटी शेरा.

"आईचं नाव नीट लिहिलंत ना?" बाईंनी विचारले.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. नातीने ते नाव मोठ्याने वाचून दाखवले.