विपाशेच्या तीरावरील साखळ्या

कुलू-मनालीचें वर्णन करण्याचा आमचा मानस नाहीं. तेथील देवदार, सफरचंदांच्या बागा आणि हिमाच्छादित शिखरें यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी चार ओळींची भर घालून वाचकांचा वेळ घेणें बरें नव्हे. गेल्या जानेवारींत तेथें आम्हां सर्वांस ज्या वस्तूनें सुखरूप खालीं आणलें, ती वस्तु फार रुक्ष आहे: मोटारीच्या चाकांस बांधावयाच्या लोखंडी साखळ्या. परंतु ३ ऑक्टोबर २०२० रोजीं अटल बोगदा खुला झाल्यापासून ऐन हिवाळ्यांतहि मनालीपलीकडे लाहूलमध्यें जातां येऊं लागलें, आणि घरची गाडी घेऊन तिकडे निघालेलीं मराठी कुटुंबें वाटेंत भेटूं लागलीं. त्यांच्या उपयोगास पडावें म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या कनिष्ठ बंधूंच्या चिरंजीवानें पुण्याहून आपली गाडी आणली होती. गाडी फोर-व्हील ड्राइव्हची, म्हणजे इंजिनाची शक्ति चारही चाकांस पोंचविणारी. आणि त्याचा तिच्यावर विश्वास, नव्या विद्यार्थ्याचा गाइडावर असतो तितका. "काका, चारही चाकें ओढतात. साखळ्या साध्या गाड्यांना," असें तो म्हणे. तथापि त्याच्या आईनें हट्ट धरल्यामुळें निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यानें एका दुकानांतून साखळ्यांची एक जोडी आणली व पिशवीची गांठहि न सोडतां मागें टाकून दिली.

मनालीस दुसऱ्या रात्रीं बर्फ पडलें. सकाळीं नाक्यावरील पोलिसानें, फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या वा साखळ्या बांधलेल्या गाड्याच पुढें जातील, असें सांगून आम्हांस वाट दिली. चिरंजीवांनीं आमच्याकडे वळून पाहिलें. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस कळला. पलचानवरून सोलंगपर्यंत गाडी खरोखरच डौलानें चढली. गाडींत आम्ही, आमची पत्नी, सूनबाई व तिच्या दोन मुली. मुली बर्फांत यथेच्छ खेळल्या, आणि दुपार कलल्यावर आम्ही परत निघालों.

उतारावरील एका वळणावर पुतण्यानें ब्रेक दाबला. गाडी निमूटपणें तशीच पुढें चालूं लागली. चाकें थांबलीं होतीं, स्टिअरिंग पुरतें वळलें होतें, आणि गाडी सरळ कड्याकडे सरकत होती. आवाज असा कांहींच नव्हता. ती शांतताच अधिक भयंकर होती. धाकटीला हा खेळच वाटला व ती हंसली. कडेस लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगांत गाडीचें तोंड रुतलें तेव्हां आम्ही थांबलों. ढिगापलीकडे दोन हात जागा होती. तिच्यापुढें जागा नव्हती.

येथें कारण समजून घेतलें पाहिजे. चारही चाकांस शक्ति मिळाली म्हणजे गाडी चढते व रुतली तर निघते, हें खरें. परंतु ब्रेक साध्या गाडीचेहि चारही चाकांसच लागतात. तेव्हां थांबण्याच्या व वळण्याच्या कामीं या गाडीस अधिक कांहींच मिळालेलें नसतें. टायर बर्फास किती धरून राहतो एवढाच प्रश्न उरतो. त्यांतहि कडाक्याच्या थंडींतील कोरडें बर्फ पुष्कळ बरें. दुपारच्या उन्हानें किंचित् ओलावलेलें आणि गाड्यांच्या रहदारीनें दडपून कांचेसारखें झालेलें बर्फ सर्वांत निसरडें. आम्ही उतरलों तें नेमकें त्या वेळीं.

पिशवी आतां सुटली. साखळी चाकावर टाकली, पण तिचीं टोंकें कांहीं केल्या एकमेकांस भेटेनात. पुतण्या गुडघ्यांवर बसून अर्धा तास ओढीत होता. त्याचीं बोटें निळीं पडलीं. इतक्यांत वर जाणारा एक स्थानिक जीपवाला थांबला. त्यानें साखळीकडे पाहिलेंहि नाहीं. खालीं वांकून टायरावरचा आंकडा वाचला. दुकानदारानें गाडीचें नांव विचारून साखळी दिली होती. त्या गाडीस मूळचे टायर २१५/७५ आर १५ मापाचे. पुतण्यानें हौसेनें २३५/७५ आर १५ चे चढविले होते. पहिला आंकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा किती तें, आणि शेवटचा आंतील चाकाचा व्यास इंचांत. गणित घरीं येऊन मांडलें: नव्या टायरचा व्यास ३० मिलिमीटरांनीं मोठा, म्हणजे परिघ नऊ सेंटिमीटरांहून अधिक. टोंकें भेटावीत कशीं? साखळी घ्यावयाची ती गाडीचें नांव सांगून नव्हे, टायरवरील आंकडा वाचून, आणि पाट्यांना वा ब्रेकच्या नळीला ती घांसणार नाहीं एवढी जागा टायरच्या आंतल्या बाजूस आहे ना, हें हात घालून पाहून.

त्या गृहस्थाजवळ आमच्या मापाच्या दोन जोड्या होत्या. त्यानें वाजवी भाडें सांगितलें; आम्हीं घासाघीस केली नाहीं. आमच्या पत्नीनें विचारलें, "एक जोडी पुरणार नाहीं का?" त्यानें हातानेंच दाखविलें: नुसती पुढें बांधली तर उतारावर मागचा भाग फिरून पुढें येऊं पाहतो, नुसती मागें बांधली तर पुढचीं चाकें वळतात, गाडी वळत नाहीं. एकच जोडी असेल तर ती कोठें बांधावी हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. आम्हीं चारही बांधल्या.

आधीं त्यानें गाडी मागें घेववून सपाट जागीं आणविली, हातब्रेक ओढविला व चाकांस दगड लावले. गोणपाटावर साखळी पसरून तिचे सारे पीळ काढले. आडव्या कड्यांच्या आंकड्यांचीं उघडीं टोंकें बाहेर राहिलीं पाहिजेत. आंत गेलीं तर टायर खरवडतात. मग ती चाकावर शालीसारखी पांघरली, गाडी हातभर पुढें घेतली, प्रथम आंतल्या बाजूचा आंकडा अडकविला, मग बाहेरचा, आणि सैल उरलेलें टोंक बांधून टाकलें. शंभर पावलें जाऊन गाडी पुनः थांबविली व साऱ्या साखळ्या पुनः ताणल्या. पहिल्या ताणण्यावर कोणीं भरंवसा ठेवूं नये. सुटें टोंक फिरतांना फटके मारून चाकाजवळचा पत्रा फाडतें, क्वचित् ब्रेकची नळीहि.

उतरतांना खालच्या गियरमध्यें, पायीं चालणाऱ्याच्या दुप्पट वेगानें आम्ही आलों. साखळ्यांचा खडखडाट इतका कीं बोलणें ऐकूं येईना. त्याच वळणावर पुतण्यानें मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. गाडी थांबली. तो कांहीं बोलला नाहीं, आम्हींहि नाहीं.

या रस्त्यालगत वाहणारी बियास म्हणजे आपल्या ग्रंथांतली विपाशा. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या वसिष्ठांनीं स्वतःस पाशांनीं बांधून तिच्यांत उडी घेतली, आणि तिनें ते पाश सोडवून त्यांस तीरावर आणलें, अशी महाभारतांतील कथा, नांव त्यावरून. हें आम्हीं कैक वर्षें वर्गांत सांगितलें. पाश सोडणाऱ्या नदीच्या कांठीं चार पाश बांधून घेतले तेव्हां कोठें आम्ही घरचे झालों, हें सूनबाईंस सांगितलें. त्यांना त्या वेळीं व्युत्पत्तींत रस नव्हता.

दुसऱ्या दिवशीं बाजारांत योग्य मापाच्या दोन जोड्या विकत घेतल्या आणि राहत्या जागेच्या अंगणांत पुतण्याकडून तीन वेळां बांधवून व सोडवून घेतल्या. तिसऱ्या दिवशीं लाहूलकडे निघालों. बोगदा ९ किलोमीटरांहून लांब, आंतील रस्ता कोरडा. कोरड्या डांबरावर साखळ्या तुटतात व रस्ताहि खराब करतात. म्हणून दक्षिण मुखापाशीं सोडल्या आणि पलीकडे चंद्रेच्या खोऱ्यांत उतरतांना पुनः बांधल्या. पहिल्या दिवशीं जें काम तासाभरांत झालें नव्हतें, तें या वेळीं अठरा मिनिटांत झालें. घड्याळ मोठ्या नातीच्या हातांत होतें.

परत आल्यावर नव्या साखळ्या गरम पाण्यानें धुवून, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवल्या आहेत. जुनी जोडी दुकानदार परत घेईना. म्हणाला, वापरलेला माल आहे. ती माळ्यावर पडली आहे. २१५/७५ आर १५ मापाचे टायर कोणा वाचकांकडे असल्यास त्यांनीं खुशाल घेऊन जावी.