शारजा-दुबईत बिऱ्हाड थाटताना

आपल्या कोकणात कुणाच्या मुलाला दुबईची नोकरी लागली की वाडीभर एकच प्रश्न फिरतो, "पगार किती?" आकडा दिरहममध्ये कळला की लगेच बोटांवर गुणाकार होतो. दिरहम तेवीस-चोवीस रुपयांचा धरला, तर दहा हजारांचे झाले दोन लाख तीस-चाळीस हजार! ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात आणि मुलाच्या सासरकडून दुसरा प्रश्न येतो, "मग मुलीला कधी नेणार?"

मी अकरा वर्षे शारजात संसार करते आहे. या अकरा वर्षांत सामान बांधून आलेली आणि वर्षा-दीड वर्षात मुलांचे दाखले काढून परत गेलेली बरीच कुटुंबे पाहिली. त्यांचा गुणाकार चुकलेला नसतो. वजाबाकी करायची राहून गेलेली असते, आणि ती गावात बसून करता येत नाही, कारण इथल्या खर्चाची रीतच वेगळी आहे.

गंमत म्हणजे, एके काळी इथे आपलाच रुपया चालत असे. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले, तसा इथल्या अमिरातींनी रुपया सोडला. १९७३ मध्ये दिरहम आला. १९९७ पासून तो अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणून रुपया घसरला की गावी पाठवणाऱ्याला बरे वाटते. पण इथेच राहून इथेच खर्च करणाऱ्या कुटुंबाला त्या घसरणीचा काडीचा उपयोग नाही. त्याचे दूध, भाडे, शाळा सगळे दिरहममध्येच. त्यामुळे बायको-मुले इथे आल्या दिवसापासून रुपयांतला गुणाकार बंद करावा.

आधी घराचे बघू. कायद्याने चार हजार दिरहम पगार असला, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय असली, की माणूस बायको-मुलांना आपल्या व्हिसावर आणू शकतो. हे ऐकून पुष्कळांना वाटते की चार हजारांत संसार होत असेल. होत नाही. कायदा फक्त आणायची परवानगी देतो, घरभाडे देत नाही.

आपल्याकडे भाडे महिन्याचे असते. इथे वर्षाचे ठरते आणि ते पुढच्या तारखांच्या चेकने आगाऊ लिहून द्यावे लागते. कुणी एक चेक मागतो, कुणी चार, कुणी सहा. चेक जितके कमी तितके भाडे थोडे उतरते. समजा, दुबईत एका बेडरूमचे घर साठ हजार दिरहमला चार चेकवर मिळाले. पहिला चेक पंधरा हजारांचा. रिकाम्या घराची अनामत पाच टक्के, म्हणजे तीन हजार. दलालाचे पाच टक्के, आणखी तीन हजार. वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत दोन हजार. तेवीस हजार दिरहम गेले, आणि घरात अजून शेगडी नाही, पलंग नाही, पडदे नाहीत. रिकामे घर म्हणजे इथे खरोखरच रिकामे. आता हवे तर एकदा शेवटचा गुणाकार करा. पाच-साडेपाच लाख रुपये पहिल्या पगाराआधी हाताशी लागतात. ते नसले की लोक बँकेचे कर्ज काढतात किंवा क्रेडिट कार्ड वापरतात. मग व्याज सुरू होते. ज्या घरात आयुष्यभर व्याजाला हात लावला नाही, तिथेही ते या वाटेने शिरताना मी पाहिले आहे. पहिली दोन-तीन वर्षे मग ते फेडण्यातच जातात.

आता महिन्याचा हिशोब. भाडे पाच हजार. वार्षिक भाड्याच्या पाच टक्के पालिकेचा आकार वीजबिलातून दरमहा कापला जातो, तो अडीचशे. वीज-पाणी सरासरी पाचशे धरा, उन्हाळ्यात एसी दिवस-रात्र चालतो तेव्हा जास्त. दोन मुले भारतीय अभ्यासक्रमाच्या, मध्यम फीच्या शाळेत घातली, प्रत्येकी वर्षाला नऊ हजार धरली, तर महिन्याला दीड हजार. शाळेच्या बसचे दोघांचे मिळून सातशे-साडेसातशे. झाले आठ हजार! दहा हजारांच्या पगारातले दोन हजार उरले. त्यात वाणसामान, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, फोन, इंटरनेट, औषध, गावचे तिकीट आणि आई-वडिलांना पाठवायचे पैसे. आयकर नाही हे खरे, पण २०१८ पासून बहुतेक वस्तूंवर पाच टक्के व्हॅट आहे.

म्हणूनच आमच्यासारखे निम्मे लोक नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात करतात. शारजात तसेच घर चाळीस हजारांत मिळू शकते, थोडे जुन्या इमारतीत त्याहून कमी. शिवाय शारजाच्या २०२४ च्या भाडेकायद्याने पहिली तीन वर्षे मालकाला भाडे वाढवता येत नाही. दुबईत मात्र भाडे वाढवायचे असेल तर मालकाने करार संपण्याच्या नव्वद दिवस आधी कळवावे लागते आणि किती वाढवायचे याला सरकारी मर्यादा आहे. हे नियम भाडेकरूंना माहीत नसतात, आणि दलाल सांगत नाही.

शारजातल्या स्वस्ताईची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. इत्तिहाद रोडवर सकाळी सहापासून गाड्यांची जी रांग लागते ती पाहावी! आमच्या घरचे साडेपाचला, फज्रची नमाज झाली की निघतात. दुबईत शिरताना सालिकचा टोल आहे. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी तो सहा दिरहम आहे. जाऊन-येऊन बारा, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे दोनशे चौसष्ट. त्यावर पेट्रोल आणि गाडीचा विमा. भाड्यात वाचलेल्या सुमारे एकोणीसशेतले सात-आठशे रस्ताच खातो. आणि रोजचे दोन-अडीच तास. मुले उठतात तेव्हा बाप निघालेला असतो. संध्याकाळी येतो तेव्हा तो इतका थकलेला असतो की मुले जवळ जायला बिचकतात. एकत्र राहायला म्हणून आलो होतो ना आपण, असा विचार मनात येतो कधी कधी.

तरी मला शारजा आवडते. रोला भागात संध्याकाळी चालत गेले की परदेशात असल्यासारखे वाटतच नाही. रोला हे नावच तिथल्या जुन्या वडाच्या झाडावरून पडलेले. ते झाड आता नाही, पण मैदान आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे मल्याळी, बंगाली, हैदराबादी आणि आपली रत्नागिरी-रायगडची माणसे गवतावर बसलेली दिसतात. जुबैलच्या बाजारात मासळी, मटण, भाजी एकाच छताखाली मिळते. सुरमईला इथे कनद म्हणतात. हमूर महाग, बांगडा परवडतो, आणि कोकणी बाईचे बांगड्याने भागते! खुबूस स्वस्त आहे, तांदूळ-डाळ फार महाग नाही. जेवणाखाण्याने इथे कुणी बुडत नाही. बुडवतात ते भाडे, फी आणि गावच्या फेऱ्या. दुबईला गेले तर खाडी ओलांडायला देरा ते बर दुबई एक दिरहमची अब्रा अजून आहे. मुलांना फिरवायला त्याहून स्वस्त सहल दुसरी नाही.

गावच्या फेरीबद्दल लिहायलाच हवे. भारतीय शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी, त्यामुळे सगळी कुटुंबे एकाच वेळी निघतात आणि विमानाची तिकिटे आभाळाला भिडतात. कंपनी बहुधा फक्त नोकरदाराचे तिकीट देते, तेही काही ठिकाणी दोन वर्षांतून एकदा. चौघांचे जाणे-येणे, बॅगा भरून भेटवस्तू, त्यात एखादे लग्न आले तर वर्षाची शिल्लक दीड महिन्यात संपते. नातेवाईक वाईट नसतात, पण त्यांच्या मनात तो पहिला गुणाकार पक्का बसलेला असतो.

आजारपणाचेही तसेच. दुबईच्या व्हिसावर आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण कंपनीला बंधन फक्त नोकरदाराचे. बायको-मुलांचा विमा ज्याच्या व्हिसावर ती आहेत त्याने काढायचा. म्हणून नोकरीचे पत्र हातात आले की एकूण आकड्यावर भाळू नये. मूळ वेतन किती, घरभत्ता किती, कुटुंबाचा विमा आणि तिकीट आहे का, मुलांच्या फीला काही मिळते का, हे विचारावे. विचारायला लाज वाटते म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगते की नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात, पहिली पाच वर्षे दर वर्षाला एकवीस दिवसांची. एकूण पगार दहा हजार, पण मूळ चार हजार असेल तर वर्षाचे २,८०० दिरहम. मूळ सहा हजार असेल तर ४,२००.

सगळ्यात मोठा धोका नोकरी जाण्याचा. व्हिसा नोकरीला बांधलेला, मुलांचा व्हिसा बापाला. नोकरी सुटली तर ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी लागते. घराचे चेक मालकाकडे पडून असतात, शाळेचे वर्ष अर्धवट असते. शेजारच्या इमारतीतल्या एका भाभींनी नोव्हेंबरमध्ये मुले गावी नेली, तेव्हा थोरल्याचे दहावीचे वर्ष होते. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते, चार महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय कुटुंब आणू नका.

मग काय, बायकोने गावीच राहावे? असे माझे म्हणणे नाही. एकट्या माणसाचे बेड-स्पेसमध्ये थोडक्यात भागते, पैसा गावी जातो, घरावर स्लॅब पडतो, आणि मूल मात्र बापाला मोबाईलच्या पडद्यावर ओळखते. इथे व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, कॉलसाठी वेगळे ॲप लागते, आणि गावी नेट गेले की तेही बंद. त्या शिलकीची किंमतही कुणीतरी चुकवतच असते. आमच्या मजल्यावर खेडचे एक चाचा होते. तीस वर्षे एकटे राहिले. नव्याने आलेल्या पोरांना म्हणायचे, "आण रे बायको-पोरांना, पण आधी एक उन्हाळा एकट्याने काढ. बिलं बघ, मग तिकीट काढ." मला हे पटते. भाडे पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल तर आणावे. बसत नसेल आणि बायको शिकलेली असेल तर तिनेही नोकरीचा विचार करावा. नवऱ्याच्या व्हिसावर असली तरी वर्क परमिट काढून तिला रीतसर काम करता येते.

एक काम मात्र गावी असतानाच उरकावे. इथे बायकोचा व्हिसा काढताना नुसता उर्दू निकाहनामा चालत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून दाखला घ्यावा. मग मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास अशी त्याची अटेस्टेशन करावी लागतात. दाखल्यातले नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. पासपोर्टवर 'शेख' एका तऱ्हेने आणि दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिले असेल तर फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून. भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, चांगल्या शाळांतल्या जागा त्याआधीच भरतात. तेव्हा कागद दिवाळीच्या सुमाराला हाती घ्यावेत, म्हणजे मार्चपर्यंत सगळे जुळून येते, इन्शाअल्लाह.