किती एमबीपीएस पाहिजे, काकू?

मोबाइलवर गाणं ऐकता येतं, शिकवता येत नाही. निदान मिरजेतल्या आमच्या जुन्या घरात तरी मला ते जमेना. लॉकडाउनपासून माझे काही शिष्य ऑनलाइन शिकतात. दोघं पुण्यात आहेत, एक मुलगी न्यू जर्सीत. मोबाइलच्या डेटावर तान मध्येच तुटायची. पलीकडून पोरगी म्हणायची, "ताई, पंचमापर्यंत आलं, पुढचं गेलं." शेवटी घरी फायबर घ्यायचं ठरवलं. मला हार्मोनियमच्या पट्ट्या कळतात, इंटरनेटमधलं काहीही कळत नव्हतं. कनेक्शन घेता घेता जे कळत गेलं, ते त्याच क्रमाने सांगते.

दुकानात गेले तर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "किती एमबीपीएस पाहिजे, काकू? 30 पासून 300 पर्यंत सगळं हाय." मी विचारलं, मोबाइलला रोज मिळतो तोच एमबी का हा? तो म्हणाला, "न्हाई, त्यो डेटा. ह्यो स्पीड." घरी येऊन भाच्याला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. एमबीपीएस म्हणजे एका सेकंदाला किती मेगाबिट वाहतात ते. आपण फाइल मोजतो ती मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे 100 एमबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला 100 एमबीची फाइल उतरत नाही, जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरते. दोन्हींचं लघुरूप एकसारखंच दिसतं, फरक फक्त इंग्रजी बी लहान की मोठा एवढाच. पत्रकावर तो कोण बघतो?

मग आपल्याला लागतं किती? चांगल्या चित्राच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. एचडी सिनेमाला पाचेक, आणि मोठ्या टीव्हीवरच्या फोर-के चित्राला पंधरा ते पंचवीस. सरकारने 2023 साली ब्रॉडबँडची व्याख्या बदलली, तेव्हा कमीत कमी वेग ठरवला तो 2 एमबीपीएस. आमच्या घरात माणसं तीन, टीव्ही एक, माझा वर्ग एक. सगळं एकदम चालू धरलं तरी 40-50 च्या पुढे हिशेब जाईना. 300 चं पत्रक मी बाजूला ठेवलं. मोठा आकडा दिसला की घ्यावासा वाटतो, पण वापरणार नाही त्याचे पैसे दर महिन्याला कशाला द्यायचे?

पुढची गोष्ट मला कुठल्याच पत्रकाने सांगितली नाही. ती सांगितली पुण्याच्या शिष्याने. "ताई, अपलोड विचारा." पत्रकावरचा आकडा बहुतेक वेळा आपल्याकडे काय येतं त्याचा असतो. माझा आवाज आणि चित्र मात्र माझ्या घरातून बाहेर जाणार होतं, म्हणजे माझ्या कामाचा आकडा तो. फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेवरच्या, अनेक योजनांत जाणं-येणं सारख्याच वेगाने होतं, पण सगळ्यांत नाही. त्यातच एअरफायबर नावाचा प्रकार निघाला. नावात फायबर असलं तरी घराच्या छतावर किंवा खिडकीत डबा बसवतात आणि तिथपर्यंत इंटरनेट येतं ते 5जीच्या लहरींवरून, हवेतून. जिथे तार पोचत नाही तिथे त्याची मोठी सोय आहे. पण त्यात अपलोड बराच कमी असू शकतो आणि टॉवरवर गर्दी झाली की वेग हलतो. दुकानदार दोन्हींना फायबरच म्हणत होता. "घरात काचेची तार येणार का?" असं सरळ विचारल्यावर एका ठिकाणी उत्तर आलं, "तार न्हाई, डबा."

पैशांचा कागद वाचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जाहिरातीतल्या किमतीवर 18 टक्के जीएसटी असतो, म्हणजे 399 चे बिलात 471 होतात आणि 499 चे 589. शिवाय जोडणीचा खर्च, राउटरची अनामत, आणि अमुक महिने कनेक्शन सोडायचं नाही अशी अट. राउटर फुकट असं मोठ्या अक्षरात, आणि कनेक्शन बंद केल्यास परत करावा असं बारीक अक्षरात. अनलिमिटेड या शब्दापुढे फुली होती. फुलीचा माग काढत खाली गेले तर तिथे 3300 जीबी. त्याच्यापुढे वेग उतरवतात. घाबरून हिशेब केला. एचडी सिनेमा तासाला साधारण तीन जीबी खातो. म्हणजे अकराशे तास झाले, आणि महिन्यात तास असतात 720. एका टीव्हीच्या घराला ही मर्यादा लागतच नाही. मात्र स्वस्तातल्या काही योजनांत तीच मर्यादा बरीच खाली असते, म्हणून फुलीखालचा आकडा बघायचाच.

आता कंपनी कोणती? बीएसएनएल, जिओ, एअरटेल आणि आमच्या भागातला केबलवाला, एवढे पर्याय समोर होते. प्रत्येकाची किंमत दुसऱ्याच्या आसपासच. मी वही घेऊन बसले, रकाने आखले, तरी निवड होईना. तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तार तुटल्यावर कोण येतं ते विचारा की." मिरजेत हा प्रश्न पोकळ नाही. गणपतीत रस्त्यावर स्वागत कमानी उभ्या राहतात, उंच मूर्ती निघाल्या की आडव्या तारा वर धराव्या लागतात. पावसाळ्यात फांद्या पडतात. मग मी गल्लीत घरोघरी एकच प्रश्न विचारत फिरले, मागच्या वेळी लाइन गेली तेव्हा माणूस किती वेळाने आला? उत्तरं इतकी वेगवेगळी आली की वहीतले रकाने तिथेच निकालात निघाले. एकाच कंपनीबद्दल एक गल्ली खूश, पलीकडची वैतागलेली. कारण नाव मोठं असलं तरी शेवटची तार बऱ्याचदा स्थानिक भागीदार सांभाळतो. बीएसएनएलची घरगुती फायबर जोडणीही पुष्कळ ठिकाणी अशाच भागीदारांमार्फत चालते. आमच्या गल्लीत ज्याचा माणूस त्याच दिवशी येतो असं सगळ्यांनी सांगितलं, त्याचं 50 एमबीपीएसचं कनेक्शन मी घेतलं. अपलोडही 50, आणि ते मी पावतीवर लिहून घेतलं.

जोडणीचा दिवस मला फार आवडला. आलेला मुलगा अंगणात मांडी घालून बसला. काळ्या केबलचं साल त्याने सोललं, आतली तार काढली, तिच्यावरचा लेप चिमट्याने ओढून घेतला आणि स्पिरिटच्या कागदाने पुसली. उरली ती नुसती काच. मिलिमीटरचा आठवा हिस्सा जाड, आणि उजेड ज्यातून जातो तो गाभा तर नऊ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. एका छोट्या यंत्राने त्याने टोक सरळ छाटलं. छाटलेला तुकडा जमिनीवर न टाकता डबीत ठेवला. "पायात घुसला तर दिसत न्हाई, काकू." मग दोन टोकं जोडयंत्रात समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती काठ्यांएवढी दिसत होती. यंत्राने ती आपोआप एका रेषेत आणली, एक ठिणगी चमकली आणि दोन काचा एक झाल्या. वर बारीक नळी सरकवून तापवली की सांधा पक्का. मी तारेच्या टोकात उजेड दिसतो का म्हणून डोकवायला गेले, तर त्याने हात आडवा धरला. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यात जाऊ द्यायचा नसतो.

मग त्याने उजेड मोजायचा मीटर लावला. वजा 21. मला वाटलं काहीतरी बिनसलं. तो म्हणाला, आकडा वजातच येतो, वजा 27 च्या खाली गेला तर लाइन रडते. आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा म्हणाला, पुढे तक्रार आली तर तुलना करता येते. मी लिहिला. तारेला घट्ट वळण द्यायचं नाही, तिला खिळा लावायचा नाही, हेही त्यानेच सांगितलं.

एवढं होऊन आतल्या खोलीत, जिथे माझी पेटी आहे, तिथे वाय-फायच येईना. राउटर दाराशी, आणि मध्ये जुन्या घराच्या जाड भिंती. राउटर दोन लहरी सोडतो. 5 गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतीशी थकते. 2.4 ची लांब जाते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांचीही तिच्यात गर्दी. प्लॅन वाढवून हे सुटत नाही. मी दारापासून खोलीपर्यंत साधी लॅन केबल ओढून घेतली आणि लॅपटॉप तिला जोडला. त्या दिवसापासून तान तुटली नाही. लाइनचा वेग तपासायचा तोही अशीच केबल लावून, नाहीतर आपण कंपनीची लाइन सोडून आपल्या भिंतीच मोजत बसतो.

वीज गेली आणि इंटरनेटही गेलं, तेव्हा नवा धडा मिळाला. जुन्या लँडलाइनला वीज टेलिफोन एक्स्चेंजकडून यायची, म्हणून अंधारातही फोन चालायचा. काचेतून वीज येत नाही. घरातल्या राउटरच्या डब्याला आपली वीज लागते. डब्याच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट बघून त्याला जुळणारा छोटा यूपीएस आणला, आता वर्ग मध्येच थांबत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पॅकेजने मिळणार नाही, आणि ती कळली तेव्हा मला वाईट वाटलं. न्यू जर्सीच्या मुलीने गावं आणि मी त्याच क्षणी पेटीवर साथ करावी, ही माझी इच्छा होती. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मिरज ते न्यू जर्सी सरळ अंतर धरलं तरी साधारण 13 हजार किलोमीटर. जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा हिस्सा तारेतच जातो, वर यंत्रांचा वेळ वेगळा. द्रुत लयीत तेवढ्याने सम चुकते. म्हणून ती तानपुऱ्याचं ॲप तिच्याकडे लावते, तालही तिच्याकडेच वाजतो, आणि मी ऐकून मग सांगते. 1000 एमबीपीएस घेतलं असतं तरी हे असंच राहिलं असतं.

पहिल्याच पावसात लाइन गेली. डब्यावर लाल दिवा लागला, म्हणजे उजेड पोचत नव्हता. तक्रार केली, क्रमांक घेतला. दुसऱ्या दिवशी तक्रार निवारण झाल्याचा संदेश आला, दिवा लालच. गल्लीने ज्याची खात्री दिली होती तो मुलगा गावाला गेला होता. तेव्हा समजलं की ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, आणि अपिलाला पैसे पडत नाहीत. जुना क्रमांक आणि भिंतीवरचा वजा 21 चा आकडा लिहून मी अपील टाकलं. त्यानंतर माणूस आला. फांदीने तार दाबली होती, मीटर वजा 30 दाखवत होता. सांधा नव्याने केला.

तुम्ही कनेक्शन घेणार असाल तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सूट कितीही दाखवली तरी. महिन्याच्या बोलीवर घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग ठरवा.