बंद घरातली बॅटरी

दिवाळी झाली की धारूर तालुक्यातले आमचे गाव रिकामे होते. आम्ही नवरा-बायको म्हणजे मुकादमाच्या वहीतला एक कोयता. घराला कुलूप लावून सांगलीकडे गेलो की पट्टा पडल्यावरच परत येणार. थोरली नववीत गेली तेव्हा उचलीच्या पैशातून इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली. संध्याकाळी वीज गेली की तिचे पुस्तक मिटायचे, म्हणून.

त्या वर्षी तिला शेजारी चुलत सासूबाईंकडे ठेवले. निघताना मालकांनी मीटरजवळचा मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरचे बटण मात्र चालूच राहिले. एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या आधी आलो, तर बॅटरी मेलेली! मिस्त्रीने तीन दिवस चार्जिंगला लावून पाहिली. संध्याकाळी भरलेली दिसे, सकाळी रिकामी.

मिस्त्रीने समजावले, "ताई, घरात एक दिवा लागला नाही तरी इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा वॅट खातो. तुमची दीडशे अँपिअरची बॅटरी आठवड्यात रिकामी झाली असेल. पुढचे पाच महिने ती उपाशी पडून राहिली. रिकाम्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. महिनोन् महिने राहिला तर घट्ट होतो, मग काही उपाय नाही."

नवीन बॅटरीला जुनी देऊनही पंधरा हजार लागले. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या आसपास झाला. त्या हिशेबाने हा एक्केचाळीस टन ऊस. कोयत्याने रोज दोन टन तोडला तरी वीस दिवस! एक बटण बंद करायचे राहिले, त्याची ही किंमत. त्या रात्री मालक जेवले नाहीत. मी त्यांना काही बोलले नाही. बटणाकडे माझे तरी कुठे लक्ष होते?

पुढच्या वर्षी थोरली दहावीला. या वेळी मिस्त्रीकडून सगळे विचारून घेतले आणि तिने ते वहीत उतरवले. निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज केली. मग पाणी खुणेपर्यंत भरले, तेही फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे पाणी नाही, ॲसिड तर कधीच नाही. इन्व्हर्टर बंद केला. आधी काळी वायर काढली, नंतर लाल. टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसली, तो सोडा झाकणातून आत जाऊ दिला नाही. कोरड्या टोकांना पेट्रोलियम जेली लावली. बॅटरी पत्र्याच्या उन्हापासून दूर, सावलीत फळीवर ठेवली.

मिस्त्री म्हणाला, थंड देशांत लोक गाडीमागे जोडायची फिरती घरे हिवाळ्यात बंद करून ठेवतात. त्यांनाही बॅटरी अशीच जपावी लागते. तिथे रिकाम्या बॅटरीतले पाणी गोठून खोके फुटते. आपल्याकडे तो धोका नाही. आपला वैरी उन्हाळा. थंडीत भरलेली बॅटरी हळू उतरते, पण फेब्रुवारीनंतर पत्रा तापला की भराभर उतरते.

म्हणून महिन्यातून एक रविवार ठरवला. थोरली कुलूप उघडायची, घर झाडायची, छोट्या मीटरवर आकडा बघायची. 12.6 किंवा वर म्हणजे भरलेली. 12.4 च्या खाली गेली तर चार्जिंग. जोडताना आधी लाल वायर, मग काळी. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून दार-खिडकी उघडी आणि चूल, उदबत्ती, विडी लांब. चुलत सासूबाईंना अक्षर येत नाही, पण पाण्याचा तरंगता खुंट लाल दिसतो की हिरवा, हे त्या चष्मा लावून बघायच्या. फोनवर मला सांगायच्या, "हिरवा हाय गं, तू काळजी नको करू."

परीक्षा जवळ आली तशा आजी-नात आमच्याच घरात झोपू लागल्या. एका रात्री आम्ही फडात ट्रॉली भरत होतो. थोरलीचा फोन आला. "आई, आठला लाइट गेली होती. मी आत्तापर्यंत वाचत होते." घड्याळात साडेदहा झाले होते. डोक्यावर मोळी होती, म्हणून मी एवढेच म्हणाले, "आता झोप."

यंदाही गाव निघेल. कुलूप लावण्याआधी एकदा आत वळून बघा. इन्व्हर्टरचे बटण बंद आहे ना? बॅटरी भरलेली आहे ना? आणि किल्ली मागे राहणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.