फाल्गुनातले शिवार

जानेवारी उजाडला की पुणेकर एम्प्रेस गार्डनमधले फुलांचे प्रदर्शन पाहायला रांगा लावतात आणि होळीच्या सुमारास मोटारी काढून आपल्या मावळात पळस पाहायला येतात. आपण त्याच पळसाच्या सावलीला बसून भाकरी सोडतो आणि मान वर करायची विसरतो. शेतीविस्ताराच्या नोकरीत या भागातल्या वाड्यावस्त्या मी वर्षानुवर्षे पायांखाली घातल्या. शहरातल्या माणसांना फुलांची ठिकाणे सांगणारे पुष्कळ आहेत. मी ती तुम्हांला सांगणार आहे, कारण ती तुमचीच आहेत.

पंचांगातला वसंत चैत्रात लागतो. रानाला एवढा धीर नसतो. माघातच काटेसावरीची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांवर वाटीएवढी गुलाबी-तांबडी फुले बसतात. मैना, बुलबुल, कावळे यांची तिथे पंगत असते. मागोमाग पांगारा आणि पळस. ही झाडे पाने टाकून का फुलतात, असे एका शाळकरी मुलीने मला विचारले होते. प्रश्न चांगला होता. पानांचा आडोसा नसला की फूल लांबून दिसते, पाखरू मधासाठी येते आणि जाताना पराग दुसऱ्या झाडावर नेते. शिवाय फूल लवकर आले म्हणजे शेंग उन्हाळ्यात वाळते आणि पावसाच्या तोंडावर बी जमिनीत पडते. आपण पेरणीचा हिशेब करतो, तसाच हा झाडाचा हिशेब.

नवलाख उंबऱ्याला गेलात तर आधी एक गंमत सांगतो. नावातले उंबरे म्हणजे घराचे उंबरठे घ्या नाहीतर उंबराची झाडे घ्या; पण फुलांच्या गोष्टीत उंबर यायलाच हवा. क्वचित भेटणाऱ्या पाहुण्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. खरे तर उंबराला फुले थोडीथोडकी नसतात. शेकडो असतात, पण ती फळाच्या पोटात दडलेली. एक बारीक माशीसारखा कीटक आत शिरून परागीकरण करतो. कच्चे उंबर चाकूने उभे चिरून मुलांना दाखवा. पैसा लागत नाही.

गावाभोवती आता एम.आय.डी.सी.चे कारखाने उभे आहेत. जमिनी सपाट झाल्या तसे बांध गेले आणि बांधांबरोबर त्यांच्यावरची पळसाची रांगही गेली. जमीन कोणी विकावी, कोणी ठेवावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण ज्यांचा बांध शिल्लक आहे त्यांनी सकाळी आठच्या आत, कोवळ्या उन्हात, घरच्यांना घेऊन एकदा तिथवर जावे. पडलेली फुले ओटीत वेचून आणावीत. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळली की रंगपंचमीला केशरी रंग तयार. डोळ्यांत गेला तर चुरचुरत नाही.

तिथून पश्चिमेला सरकले की फुलांची जात बदलते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तळेगावकडे येईपर्यंत तो फारच उतरतो. म्हणून इकडे पानझडी पळस, सावर आणि तिकडे घाटमाथ्यावर सदाहरित रान. लोणावळा-खंडाळ्याच्या रानात अंजनी फुलते तेव्हा फांदीला निळ्या-जांभळ्या मण्यांच्या माळा गुंडाळल्यासारखे दिसते. मोटार नसली तरी अडत नाही. तळेगावला लोकलमध्ये बसा, खिडकी धरा. वडगाव, कान्हे, कामशेत करीत मळवलीला उतरा आणि भाज्याच्या लेण्यांकडे पायी चला. पाणी बरोबर घ्या. ज्यांचे सोयरे अंदर मावळात आहेत त्यांनी कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळावे. तिकडे उतारावर धायटीची तांबडी झुडपे भेटतील.

तालुक्यातला गुलाबही फुलांतच मोजायला हवा. पॉलिहाउसमधला हा गुलाब १४ फेब्रुवारीसाठी परदेशी जातो. त्यासाठी डिसेंबरच्या मध्याला छाटणी होते आणि जानेवारीअखेर तोडा सुरू होतो. मेहनतीचे पीक आहे, त्याने कित्येक घरे उभी केली. पण त्याच्याकडे पाहताना माझे लक्ष औषधांच्या खर्चाकडे आणि भावाकडे जाते. नुसते फूल पाहणे होत नाही.

आता जे मनाला लागते ते सांगतो. हा सगळा फुलोरा आणि वणवा एकाच महिन्यात येतात. राब भाजताना ठिणगी उडते, कोणी विडीचे थोटूक टाकतो, आणि कोणी मुद्दाम काडी लावतो. डोंगर जाळला की पावसाळ्यात गवत जोमाने येते, ही समजूत फार जुनी. पहिल्या पावसात हिरवे दिसते खरे. पण पालापाचोळा आणि कोवळी रोपे जळून माती उघडी पडते, आणि आषाढातला पाऊस तीच माती ओढ्याने खाली नेतो.

कामशेतजवळ जुन्या हमरस्त्याच्या कडेला पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसणाऱ्या एक मावशी आहेत. वैशाखात करवंदे, पुढे जांभळे. एका साली त्यांची टोपली अर्धीच दिसली. विचारले, तर म्हणाल्या, “साहेब, शिमग्यात डोंगूर जळला, करवंदीचा फुलोरा व्हता. आता जाळीला काय धरंल?” त्या वर्षी नातवाच्या वह्यापुस्तकांचे पैसे त्यांना उसने काढावे लागले. करवंदीचे पांढरे सुवासिक फूल फाल्गुन-चैत्रातले. ते जळले की मे महिन्यात फळ नाही, आणि मधमाशांनाही दुसरे रान शोधावे लागते.

म्हणून होळीच्या आधी गावाने एक दिवस काढावा. डोंगराच्या पायथ्याशी आणि राबाभोवती आठ-दहा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करावा. राब भाजायचाच असेल तर वारा पडल्यावर, पाण्याच्या घागरी आणि ओल्या डहाळ्या हाताशी ठेवून भाजावा, आणि विझल्याची खात्री झाल्याशिवाय घरी जाऊ नये. भाजणी न करता गादीवाफ्यावर शेणखत घालून इंद्रायणीची रोपे चांगली होतात. ज्यांना पटत नाही त्यांनी एका वाफ्यावर करून पाहावे. ज्यांचा बांध उघडा झाला आहे त्यांनी ज्येष्ठात पळसाच्या वाळल्या शेंगा गोळा करून ताजे बी लगेच लावावे. जुने बी नीट उगवत नाही.

चैत्र सरता सरता पळस विझतो, करंज पालवतो आणि वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. त्याच सुमारास कुड्याची पांढरी फुले येतात. ती आणली की निवडून, उकळून, पाणी पिळून काढावे, कडूपणा जातो. मग कांदा आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परतावी. रोहिणी लागायच्या आत दोन-तीनदा ही भाजी होते.