पेनिसिलिन निकामी करताना

पेनिसिलिनच्या इंजेक्शनच्या बाटलीत एकही जिवंत जंतू नाही, हे सिद्ध कसं करायचं? सलाइन असतं तर प्रश्न सोपा होता. नमुना पोषक माध्यमात घालायचा, १४ दिवस उबवायचा आणि माध्यम गढूळ होतं का ते पाहायचं. पेनिसिलिनचा नमुना घातलेली नळी मात्र बहुधा स्वच्छच राहणार. मुळात जंतू नव्हते म्हणून, की होते पण औषधाने वाढू दिले नाहीत म्हणून, हे त्या स्वच्छ नळीकडे पाहून सांगता येत नाही. दबून राहिलेला जंतू मेलेला असतोच असं नाही.

म्हणून आम्हाला आधी पेनिसिलिन निकामी करावं लागतं, आणि त्यासाठी जे विकर वापरतो ते जिवाणूंनीच घडवलेलं आहे, पेनिसिलिनेझ. विद्यार्थी पाठ्यपुस्तकातून त्याची ओळख करून घेतात ती फक्त औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचं हत्यार म्हणून. प्रयोगशाळेत त्याच्यावाचून पान हलत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

या विकराचा शोध औषधाच्या सर्रास वापराआधीचा आहे. ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्रहम आणि अर्न्स्ट चेन यांनी डिसेंबर १९४० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, की कोलाय जिवाणूंच्या अर्कात पेनिसिलिनचा नाश करणारं विकर आहे. सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक, पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर याला पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. माणसाच्या बेसुमार औषधवापराने पेनिसिलिन मोडण्याची ही क्षमता जगभर पसरवली हे खरं, पण तिला जन्म माणसाने दिलेला नाही.

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं, ताणलेलं बीटा-लॅक्टम कडं असतं. जिवाणूची भिंत विणणारं विकर हे कडं पकडतं आणि तिथेच अडकून पडतं. भिंत अपुरी राहते. पेनिसिलिनेझही कडं तसंच पकडतं, पण त्याच्यापाशी पाण्याचा एक रेणू नेमक्या जागी हजर असतो. पाण्याने बंध सुटतो, उघडलेलं कडं बाहेर पडतं आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळं होतं. कोलायमधल्या टेम-१ या विकराचा एकच रेणू सेकंदाला हजाराच्या घरात पेनिसिलिनचे रेणू मोडतो. मागे उरतं पेनिसिलॉइक आम्ल, जंतूंच्या दृष्टीने निरुपद्रवी.

कामाच्या टेबलावर मात्र या विकराचे लाड करावे लागतात. उष्णतेने ते बिघडतं, म्हणून ऑटोक्लेव्ह वर्ज्य. अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून ते निर्जंतुक करायचं आणि माध्यम निवल्यावरच त्यात घालायचं. मग येतो कंट्रोल. एका नळीत औषध, विकर आणि पेनिसिलिनला सहज बळी पडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या शंभराहून कमी पेशी मुद्दाम सोडायच्या. ही नळी गढूळ झाली तरच बाकीच्या स्वच्छ नळ्यांवर विश्वास ठेवायचा. अहवाल हातात आला की मी आधी या नळीचीच ओळ वाचते. पेनिसिलिन चालू असलेल्या रुग्णाच्या रक्ताचं कल्चर करताना किंवा पेनिसिलिनच्या कारखान्यातल्या हवेतले जंतू प्लेटवर धरतानाही हेच विकर माध्यमात घालता येतं.

दुसरा उपयोग मला फार आवडतो, कारण तो आपल्या वर्ध्याजवळ रुजला. अखंड पेनिसिलिन आयोडीनला हात लावत नाही. त्यापासून झालेलं पेनिसिलॉइक आम्ल आयोडीन शोषून घेतं. त्यामुळे स्टार्च-आयोडीनच्या गडद निळ्या द्रावणात पेनिसिलिन असेल आणि पेनिसिलिनेझ येऊन पडलं, तर निळा रंग बघता बघता उडतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी एलायझा चाचणीत खूण म्हणून हेच विकर प्रतिपिंडाला जोडलं आणि हत्तीरोगाच्या निदानासाठी वापरलं. पुढे क्षयरोगासाठीही. निळं पांढरं झालं की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. जिथे रंग मोजणारं महागडं यंत्र नाही, तिथे या साधेपणाचं मोल किती, हे ग्रामीण रुग्णालयात काम केलेल्यांना समजेल.

जनुकांवर काम करणाऱ्यांना हे विकर रोज भेटतं. जिवाणूत जनुक पोचवण्यासाठी प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं सुटं कडं, वापरतात. पीबीआर ३२२ या १९७७ च्या प्लाझ्मिडपासून आजवर असंख्य प्लाझ्मिडांवर त्याचं जनुक असतं, म्हणून ज्या कोलायने प्लाझ्मिड घेतलं तोच अँपिसिलिन या पेनिसिलिनच्या भावंडाच्या प्लेटवर वाढतो. प्लेट उबवणीत जास्त वेळ राहिली की टपोऱ्या कॉलनीभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक कॉलन्यांचं कडं उमटतं. टपोऱ्या कॉलनीतून झिरपलेल्या विकराने आजूबाजूचं अँपिसिलिन संपवलेलं असतं, आणि त्या मोकळ्या जागेत प्लाझ्मिड नसलेले जिवाणूही वाढतात. नव्या मुलांना मी सांगते, मधली कॉलनी उचला, कडेची नको. प्लेट सोळा तासांच्या पुढे ठेवू नका. आणि बजेट असेल तर कार्बेनिसिलिन वापरा, या विकरापुढे ते अँपिसिलिनपेक्षा जास्त वेळ टिकतं.