नातीचं काम आणि बावन्न वजा सतरा

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी आणि लगोलग धानाची कापणी. आज मात्र लिहायचंच असं ठरवून बसलो आहे.

उन्हाळ्यात साकोलीच्या लग्नात तुमच्यापैकीच निदान दहा जणांनी मला विचारलं होतं, "गुरुजी, नात पुण्याला नेमकं करते तरी काय?" मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. दिवाळीत ती लाखनीला आली तेव्हा तिलाच धरून बसवलं. चार संध्याकाळी गेल्या, त्यातली एक वीज नसल्यामुळे मेणबत्तीवर. मी मराठी माध्यमातला बी.ए., तेव्हा खाली काही चुकलं असेल तर चूक माझी, तिची नव्हे.

ती डीबगरवर काम करते. प्रोग्राम चालू असताना त्याला मध्येच थांबवायचं आणि आत कुठला आकडा कुठे आहे ते बघायचं, हे डीबगरचं काम. आता गंमत अशी की डीबगर हाही एक प्रोग्रामच. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत सरळ हात घालता येत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडे अर्ज करावा लागतो. युनिक्समध्ये या अर्जाचं नाव 'पीट्रेस'. १९७५ सालच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतही तो होता. म्हणजे मी नोकरीला लागलो त्या सुमाराची ही गोष्ट!

थांबवायचं कसं, तर जिथे थांबायचं तिथल्या सूचनेचा पहिला बाइट काढून बाजूला जपून ठेवायचा आणि त्या जागी २०४ हा आकडा ठेवायचा. सोळाच्या पाढ्यात त्याला 'सीसी' लिहितात. मी लगेच कागदावर करून पाहिलं: बारा सोळे एकशे ब्याण्णव, अधिक बारा, २०४. जमलं! इंटेल जातीच्या चिपला हा आकडा भेटला की ती थबकते, पण तोवर एक पाऊल पुढे गेलेली असते. तिला एक पाऊल मागे आणायचं, मूळचा बाइट परत जागेवर ठेवायचा आणि मगच पुढे जाऊ द्यायचं. विसरलं तर पुढचं सगळं चुकतं.

तिचा डीबगर लिनक्सवर चालत होता. तोच आता फ्रीबीएसडी, मॅक आणि विंडोजवर चालवायचा आहे. मी म्हटलं, "एकदा लिहिलंय ना, मग उतरवून घ्यायचं." ती हसली. "आजोबा, प्रश्न तोच असतो, पण विचारायची रीत प्रत्येकाकडे वेगळी." लिनक्समध्ये प्रोग्रामच्या प्रत्येक धाग्याला वेगळं धरावं लागतं. फ्रीबीएसडीत अर्जाचं नाव तेच, पण एकाला धरलं की अख्खा प्रोग्राम थांबतो. मॅकवर पीट्रेस आहे म्हणायला, पण मेमरी वाचायची तर 'माख' नावाच्या आतल्या यंत्रणेकडे जावं लागतं आणि तेही सही-शिक्क्याची परवानगी घेऊन. विंडोजमध्ये तर पीट्रेस नाहीच, तिथलं दफ्तरच निराळं. असल्या कामात आपली माणसं नवखी नाहीत बरं का. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं रेनेसास या जपानी कंपनीच्या चिपसाठी जीएनयूची अवजारं तयार करून फुकट वाटली होती. तिथे फरक चिपचा होता, इथे सिस्टीमचा.

माझंही आयुष्य यातच गेलं की. एका गावात मुलं घरी झाडी बोलायची, दुसऱ्या गावात पोवारी. पुस्तकी मराठीत विचारलेला प्रश्न पोरांच्या डोक्यावरून जायचा. गाव बदललं की विचारायची रीत बदलावी लागे. मी ती दरवेळी बदलली असं मात्र म्हणवत नाही.

तिनं सांगितलेल्या एका अडचणीनं तर माझी झोपच उडवली. मेमरीतला आकडा मागितला की उत्तर म्हणून तो आकडाच हाती येतो. पण काही बिघडलं तर उत्तर येतं उणे एक. आता मेमरीत खरोखरच उणे एक असेल तर? चूक कुठली आणि खरं उत्तर कुठलं, ते नुसत्या उत्तरावरून कळतच नाही. म्हणून विचारण्याआधी चुकीची खूण पुसून ठेवायची आणि उत्तर आल्यावर ती पुन्हा तपासायची.

त्या रात्री मला १९७९ सालचा चौथीचा वर्ग आठवला. वैनगंगेकाठचं गाव. एक पोरगा वजाबाकीत कायम चुकायचा. बावन्नातून सतरा वजा केले की पंचेचाळीस. मी उत्तर बघायचो आणि म्हणायचो, हात पुढे कर. महिनाभर चाललं हे. मग तो शाळेत यायचाच बंद झाला. घरी जाऊन चौकशी करायला हवी होती, मी गेलो नाही.

सकाळी नातीला हे उदाहरण लिहून दाखवलं. तिनं क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, सातातून दोन पाच, पाचातून एक चार. लहान आकडा मोठ्यातून काढतोय. प्रत्येक वेळी तेच करतोय, म्हणजे चुका मनाला येईल तशा नाहीत." मग तिनं सांगितलं की अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या दोघांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच ठरावीक चुकांवर अभ्यास छापला होता आणि त्यांना शब्दही वापरला होता 'बग'. माझ्या छडीच्या वर्षभर आधी!

तो पोरगा आता साठीकडे आलाय, राइस मिलमध्ये हमाली करायचा. मागच्या बाजाराच्या दिवशी भेटला. मला बघून खोबऱ्याच्या दुकानाच्या पायरीवरून उठला. चहा घेतला आम्ही. मी भीतभीत विचारलं, "बावन्न वजा सतरा करताना तुझ्या डोक्यात काय चालायचं रे?"

त्याला आठवत होतं. एका दमात म्हणाला, "दोनातून सात जातच नाही, तं लहान्यातून मोठा कसा काढाचा जी, गुरुजी? मी उलटं केलो."

मी त्याला हातच्याचं सांगायला लागलो. तो म्हणाला, "ते आता येते जी. पोत्यांचा हिशेब करता करता आलं." चहाचे पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.

नातीचं मॅकचं काम अजून अडलेलं आहे. काल फोनवर विचारलं तर म्हणाली, सही-शिक्का मिळाला, पण धागे अजून नीट थांबत नाहीत.